किल्ल्यांचा जुडगा

कोकिळा मॅडम विज्ञान शिकवायला आल्या तेव्हा त्यांना सांगितलं होतं, शाळेत प्रयोगशाळा आहे. होतीही. फक्त तिला कुलूप होतं आणि किल्ली हेडमास्तर प्रभाकररावांच्या पट्ट्याला. तिथं साऱ्या शाळेच्या किल्ल्या लटकत: नकाशांच्या, खडूंच्या, ढोलकीच्या कपाटाच्यासुद्धा. लांबून जुडगा वाजला की गिरडकडची आमची शाळा एकदम शहाणी व्हायची.

सर वाईट नव्हते. कुडाच्या एका खोलीपासून शाळा त्यांनीच उभी केली होती. पण न विचारता कुणी खडू उचललेलाही त्यांना खपत नसे. "मले इचारलं काय?" हाच त्यांचा नमस्कार.

१९९८ साली मॅडमनी आम्हा नववीच्या पोरांकडून सायकलच्या चाकावर चालणारं, कापसाची वाळलेली झाडं म्हणजे पऱ्हाटी कापायचं यंत्र बनवून घेतलं. माझ्या अकलेचा अंदाज घेऊन मला चाक धरायला ठेवलं होतं. समुद्रपूरला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. आमच्या शाळेतून तिथं आजवर कुणी गेलं नव्हतं. मॅडमनी महिनाभर झोप सोडली होती.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी पाहतो तर यंत्र प्रयोगशाळेत, दाराला कुलूप, आणि सर मेहुण्याच्या पोरीच्या लग्नाला हिंगणघाटला. किल्ल्याही त्यांच्यासोबत लग्नाला.

शिपाई तानबानं दगड उचलला. "मॅडम, तोडू काय?"

मॅडमनी गणिताच्या रूपराव सरांकडे पाहिलं.

"सरायले न इचारता? मी तर काई पाह्यलं नाई बाप्पा."

"तुम्ही नुसतं हो म्हणा. जबाबदारी माझी."

"जबाबदारी तुमची, तर हो माह्यं काऊन?"

बाकीचे शिक्षक एकाएकी कौलं मोजू लागले. फाट्यावर समुद्रपूरच्या एसटीनं हॉर्न दिला. मॅडमचा हात कुलपावर, तानबाच्या हातात दगड. आणि एसटी गेली.

संध्याकाळी सर बुंदीचा डबा घेऊन आले. ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "येवढे शिकलेले लोकं तुमी, एक कुलूप तोडता आलं नाई? सारं मीच सांगू काय?"

मॅडमनी बुंदी घेतली नाही.

२००६ मध्ये सर निवृत्त झाले आणि मॅडम मुख्याध्यापिका झाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी जुडगा सोडला, स्टाफरूमच्या भिंतीत खिळे ठोकले आणि एकेका खिळ्याला एकेक किल्ली टांगली. "ज्याला लागेल त्यानं घ्यायची. विचारायचं नाही."

परवा मी शाळेत मॅडमना भेटायला गेलो. चहा अर्धा झाला असेल, दारात रूपराव सर.

"मॅडम, नकाशाची किल्ली घेऊ काय?"

"सर, खिळ्यावर आहे."

"हो, पाह्यली ना मी. पन घेऊ काय?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. कुलपावर हात ठेवून उभ्या होत्या तेव्हाही चेहरा असाच होता. मग त्या उठल्या, स्टाफरूममध्ये गेल्या, किल्ली काढली आणि सरांच्या हातात ठेवली.

रूपराव सरांचा जीव भांड्यात पडला. "काम झालं का तुमच्याच हातात आनून देतो, मॅडम. खिळ्यावर नाई ठेवत."