मनगटाचा नवस

साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात सुनेत्रा एकोणीस वर्षं लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढत होती. रिपोर्ट लिहिणं डॉक्टरांचं काम, पण मोडलेलं हाड त्यांच्याआधी तिला दिसायचं. अशा बाईच्या पोटी स्नोबोर्डची चॅम्पियन जन्माला यावी, याला काय म्हणावं!

गावात बर्फ नावालाही नाही. सगळा खेळ सुरू झाला तो गावाबाहेरच्या उतारावर. तिथे टेकडीवर प्लास्टिकच्या ब्रशांची चटई अंथरलेली, वरून पाण्याचा फवारा. सन २००० मध्ये एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिची दहा वर्षांची लेक तनिषा तिथे गेली आणि दोन्ही पाय एका फळीला बांधून घेऊन खाली आली. आली ती गुडघे सोलून आणि हसत. बाबांनी, म्हणजे जयंतने, कौतुकाने पुढच्या शनिवारचा क्लास लावून टाकला. तो ऑपरेशनआधी भूल देणारा डॉक्टर. भूल दिलेला पेशंट ओरडत नाही, त्यामुळे त्याला जगात सगळं शांतच वाटायचं.

चौदाव्या वर्षी तनिषा त्या चटईवर देशातल्या तिच्या वयाच्या सगळ्या मुलींना मागे टाकत होती. मग ती बर्फावर गेली आणि तिथे तिने शर्यतीचा प्रकार निवडला. त्यात चौघीजणी एकदम सुटतात, उंचवट्यांवरून उडतात आणि एकमेकींना खेटून वळतात. सुनेत्रा पहिल्यांदा बघायला गेली तेव्हा शेवटपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत. परत येताना गाडीत तनिषा म्हणाली, "मम, तू बघितलीच नाहीस ना?" सुनेत्राने नुसती मान हलवली.

मान. सगळी भीती त्या मानेचीच होती. २००७ च्या जानेवारीत तिच्या टेबलावर एक विशीतला मुलगा आला, असाच कुठल्यातरी उतारावरून पडलेला. स्क्रीनवर त्याच्या मानेचे मणके बघून तिला काही विचारावं लागलं नाही. तो मात्र विचारत होता, "माझे पाय का हलत नाहीत?" तिने त्याला "डॉक्टर येतायत" एवढंच सांगितलं.

त्या संध्याकाळी मायक्रोवेव्हशेजारच्या छोट्या गणपतीपुढे ती उभी राहिली. ब्रिटनची मोठी स्पर्धा मार्चमध्ये होती. लोक देवाकडे यश मागतात. हिने मागितलं ते भलतंच. "तिचं मनगट मोडू दे. एवढंच. या वर्षी तिला घरी बसव, पण मान राहू दे. एकवीस मोदक करीन." हाडांचा हिशेब तिला नीट ठाऊक होता. मनगट जुळतं, मान जुळत नाही.

फेब्रुवारीत तनिषा सरावात पडली. एक्स-रे नीनाने काढला. ती सुनेत्राच्याच खात्यातली. सुनेत्रा तिच्या मागे उभी होती. मनगटातलं काजूएवढं हाड, त्यावर केसाएवढी रेघ. बारा आठवडे प्लास्टर. स्पर्धा गेली. तनिषा बाहेर खुर्चीवर हुंदके देत होती, आणि सुनेत्राला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. आपल्या पोरीचं हाड मोडलं आणि आपल्याला बरं वाटलं, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा मात्र तिने नीनाकडे पाठ फिरवली.

नवस बोलला होता, तो फेडायला हवा. न फेडून आणखी काही ओढवून घ्यायची तिची छाती नव्हती. रविवारी दुपारी तिने फ्रोझन नारळ काढला, उकड मळली आणि मोदक वाफवले. तनिषा प्लास्टरचा हात सावरत स्वयंपाकघरात आली आणि डाव्या हाताने एक मोदक उचलला.

"मम, आज काय आहे? गणपती तर समरमध्ये असतो ना?"

खोटं बोलता आलं असतं. पण सुनेत्राला ती पोरगी मोदक खाताना बघवेना. तिने सगळं सांगून टाकलं.

तनिषाने अर्धा मोदक ताटलीत ठेवला. "तू माझी हात मोडायला प्रे केलीस?"

"मान वाचावी म्हणून गं."

"सगळ्यांच्या मम्स जिंकायला प्रे करतात. माझी एकटी मम..." मग कित्येक आठवडे ती आईशी कामापुरतंच बोलत होती. वीस मोदक जयंतने आणि नीनाने संपवले.

हाड जुळलं. हिवाळा आला तसं सुनेत्राला वाटलं, आता ती आपल्याला शर्यतीला बोलावणार नाही. पण २००८ मध्ये त्याच स्पर्धेच्या फायनलला, स्कॉटलंडमधल्या डोंगरावर, तनिषानेच तिला नेलं. दोघी फिनिशपाशी पोचल्या तेव्हा तिने आपला जादा बोर्ड आईच्या हातात दिला. "हे धर. दोन्ही हातांनी. आणि काही मागायचं नाही. जिंकायला पण नाही. नथिंग."

तनिषा वर गेली तेव्हा डोंगरावर ढग उतरले होते. फाटक उघडलं आणि चार ठिपके सुटले. दुसऱ्या उंचवट्यावर लाल हेल्मेटची एक मुलगी कोसळली, गडगडत जाळीत गेली. लाल हेल्मेट कुणाचं? तनिषाचं निळं की लाल? तिला आठवेना. ओठांवर देवाचं नाव आलं, ते तिने दातांखाली दाबलं. यापूर्वी ती घाबरायची तेव्हा निदान काही मागता यायचं. आज नुसती भीती होती, आणि ती सगळी तिला उभ्याने सोसावी लागली. पण या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.

निळं हेल्मेट सगळ्यांच्या पुढे रेषा ओलांडून आलं.

लोक ओरडत होते. तनिषाने बोर्ड सोडला आणि धावत येऊन आधी आईचे हात जोडलेले नाहीत ना, ते बघितलं.

"काही मागितलीस?"

"नाही."

"स्केअर्ड होतीस?"

"खूप."

"मी पण," तनिषा म्हणाली. "एव्हरी टाइम. पहिल्यापासून. तुला सांगितलं असतं तर तू अजून घाबरली असतीस."

सुनेत्राची बोटं बोर्डाच्या कडेवर आखडून बसली होती. तनिषाने हातमोजे काढले आणि ती एकेक करून सोडवली.