मुकादम आणि सातवा कोअर

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात त्यांना सगळे मुकादम म्हणत. त्यांच्या हाताखाली एकही माणूस नव्हता, तरी म्हणत. संगणकाच्या पोटात आठ कोअर असतात, म्हणजे एकाच वेळी राबणारे आठ गडी, आणि कुठला प्रोग्रॅम कुठल्या गड्याने चालवायचा हे मुकादम ठरवत. खरं तर ही वाटणी संगणक आपली आपण करतो आणि बरी करतो. पण मुकादमांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "त्याला काय, जो मोकळा दिसेल त्याच्या गळ्यात काम मारतो," असं ते म्हणत. पंप चालवणाऱ्या प्रोग्रॅमला त्यांनी एक कोअर कायमचा नेमून दिला होता आणि तिथे दुसऱ्या कुणाला फिरकू देत नसत. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत पंप एकदाही अडखळला नाही. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांचं आडनाव चुकवलं, ते सोडा.

निवृत्तीनंतर वर्षभरात बायको गेली. मुलगी लग्न करून केव्हाच समुद्रापलीकडे गेली होती. उरल्या दोन खोल्या, एक टेबल आणि टेबलावरचा संगणक. सवयीचा हात स्वस्थ बसेना, म्हणून मुकादमांनी घरच्या संगणकावरही मुकादमी सुरू केली. पत्रं पहिल्या कोअरवर, गाणी दुसऱ्यावर, बातम्या तिसऱ्यावर. सातवा मात्र मुलीचा. दर रविवारी चार वाजता तिचा व्हिडिओ कॉल येई आणि तो सातव्यावरच चालायचा, असा हुकूम होता.

त्या एका तासावर त्यांचा आठवडा उभा होता. काय काय सांगायचं ते शुक्रवारपासून कागदावर टिपून ठेवत. एरवी दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघत नसे, कारण बोलायचं कुणाशी?

मग कॉल अडखळायला लागला. मुलीचा चेहरा मध्येच थिजायचा, अर्धे शब्द गळून पडायचे. "बाबा, तुमचं तुटतंय. ठेवते, पुढच्या रविवारी बोलू." तासाचा अर्धा तास झाला, अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली. मुकादमांनी फोन कंपनीला चारदा धारेवर धरलं. शेवटी मेकॅनिक आला, त्याने तार तपासली आणि म्हणाला, "लाइन ठणठणीत आहे, काका. घरातच काही असेल तर बघा."

हे मुकादमांना फार झोंबलं. पण मनात किडा वळवळत राहिला आणि गुरुवारी त्यांनी कोअरचे आलेख उघडले. बाकीचे सगळे खांब जमिनीला टेकलेले, सातवा मात्र छताला भिडलेला! काही महिन्यांपूर्वी त्यांनी बायकोची जुनी, हलणारी चित्रफीत साफ करायला एक प्रोग्रॅम लावला होता. अतिशय जड काम, रात्रंदिवस चालणारं. त्याचा हुकूम लिहिताना मुलीच्या कॉलचीच ओळ उतरवली, प्रोग्रॅमचं नाव बदललं आणि कोअरचा आकडा बदलायचा राहिला. मायलेकी एकाच गड्याच्या खांद्यावर बसल्या होत्या. दोघींनाही जागा नेमून दिलेली, त्यामुळे हलता येत नव्हतं आणि बाकीचे गडी हातावर हात धरून बसलेले. संगणकाच्या मर्जीवर सोडलं असतं, तर त्याने क्षणात दोघींना वेगळं केलं असतं.

मुकादमांनी कपाळावर हात मारून घेतला. सहा महिने त्यांनी स्वतःच्याच हाताने लेकीचा आवाज तोडला होता! त्यांना रडू आलं आणि मग हसूही आलं, कारण चूक सापडली होती. बायकोला पाचव्यावर हलवलं, आणि ही गंमत मुलीला अगदी शेवटी सांगायची म्हणून कागदावर तळाला लिहून ठेवली.

रविवारी चार वाजता कॉल आला. चित्र असं लख्ख, की मुलीच्या कानामागची सुटलेली बटसुद्धा दिसत होती. मुकादम उत्साहाने कागद वाचत सुटले. गळका नळ आपणच दुरुस्त केला, खालच्या मजल्यावरच्या आजी पडल्या, चष्म्याचा नंबर वाढला. मुलगी "हो का?" म्हणत होती, "बरं" म्हणत होती. ती बोलता बोलता काहीतरी टाइप करत होती, त्या कळांचा टकटक आवाजही स्वच्छ येत होता.

सात मिनिटं झाली.

"बाबा," ती म्हणाली, "परत तुटतंय हो."

मुकादमांनी आलेखाकडे पाहिलं. सातवा खांब गुडघ्याएवढाही नव्हता. कागदाचा तळ अजून वाचायचा होता, एका वाक्याचं काम होतं. त्यांनी कागदाची घडी घातली.

"हो गं, इकडेही तुटतंय," ते म्हणाले. "ठेव तू."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. चित्र इतकं चांगलं होतं, की तेही त्यांना नीट दिसलं.