साखरेच्या दोन गोळ्या

आमच्या वृद्धाश्रमात मामा सतरा वर्षं खुर्च्या ढकलतात, अंघोळी घालतात, नखं कापतात. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण गोळ्या माणसांसारख्या ओळखतात. "ही चपटी बडबड्या काकांची, ही गुलाबी टेलरआजींची." मी इथली नर्स. माझं तोंड फटकळ, हे मीच सांगते. दुसऱ्यानं सांगितलेलं मला चालत नाही.

टेलरआजींना न्यूमोनिया झाला. दहा दिवस हॉस्पिटलात काढून शनिवारी दुपारी त्या परत आल्या. सोबत कागद आणि औषधांची पिशवी. नवी औषधं जुन्यांशी एकेक करून ताडून बघायची, शंका आली तर वॉर्डला फोन करायचा, हे काम माझं. फोन एकदा लावला, लागला नाही. इकडे जेवणाची ताटं खोळंबलेली. नव्या गोळ्या मी जुन्यांच्याच डब्यात टाकल्या आणि मोकळी झाले.

मामा डब्यात डोकावले. "ताई, ही चपटी तर काकांची साखरेची. आजींची साखरेची गुलाबी आहेच की. मग दोन-दोन कशाला? परत फोन लावता का?"

"अगं बाई! मामा, डॉक्टर कधी झालात तुम्ही? खुर्ची ढकला!"

अख्खं जेवणघर हसलं. मामाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

औषध एकच होतं हो. कंपन्या दोन, नावं दोन. हॉस्पिटलनं गुलाबीच्या ऐवजी चपटी लिहून दिली होती. मी दोन्ही चालू ठेवल्या.

रविवारी सकाळी गोळ्या मी काढून दिल्या, मामांनी आजींना दिल्या. साडेदहाला आजी घामानं निथळत होत्या, समोर नसलेल्या गिऱ्हाइकाचं माप घेत होत्या. मग हाकेला ओ देईनात. मामांनी ओरडून मला बोलावलं. साखर तपासली, तीस!

आजी वाचल्या. पण हॉस्पिटलातून परत आल्या त्या अंथरुणाला खिळूनच.

त्यांचा मुलगा तावातावानं आला. "गोळ्या कोणी दिल्या?"

"मामांनी," व्यवस्थापक म्हणाले.

"अडाणी माणसाच्या हातात औषधं देता?"

मी तिथेच उभी होते. एरवी कात्रीसारखी चालणारी माझी जीभ टाळ्याला चिकटली. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना कपडे धुवायला पाठवलं. चौथ्या दिवशी मुलाला बोलावून घेतलं, व्यवस्थापकांसमोर सगळं कबूल केलं, लिहून दिलं. मामा परत आले. मी हात जोडले तर म्हणाले, "असू द्या हो ताई, होतं."

आता हॉस्पिटलातून कोणीही आलं की मी जुनी-नवी औषधं टेबलावर मांडते, फोन लागेपर्यंत लावते, आणि मामांना शेजारी बसवते. गेल्या आठवड्यात एक आजोबा परत आले. डॉक्टरांनी बंद केली म्हणून मामांसमोरच बाजूला काढलेली त्यांची एक गोळी मी मुद्दाम नव्यांत ठेवली. द्यायची नव्हतीच, फक्त मामांनी मला टोकावं म्हणून. मामांची नजर तिच्यावर थांबली. मी पाहिली ना, चांगली थांबली.

"काय मामा, बरोबर आहे ना सगळं?"

"तुम्ही म्हणाल तसं, ताई," ते म्हणाले आणि खुर्ची ढकलायला उठले.