चौथं ‘घेतलं’

शोभा पगारेवर अन्याय झाला. १९८४च्या मे महिन्यात, विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, पंचवटीतल्या आमच्या विज्ञान मंडळाच्या खोलीत, चहा पिता पिता. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून लोक भुताचंच बोलत बसतील.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. करणी-भानामतीविरुद्ध पत्रकं वाटत मी गावोगाव सायकल दामटली आहे... तरीही हे लिहितोय.

आपला माणूस नुकताच अंतराळात जाऊन आला होता. अंतराळवीर महिनोन्‌महिने एका डब्यात मिळून कसे राहतात, ते लोकांना दाखवायचं ठरलं. अंबडच्या कारखान्यांतल्या एका शेडमध्ये लोखंडी टाकी, आत चौघं काही दिवस बंद, पाइपात हवेचा पंखा, बोलण्यासाठी आत-बाहेर माईक आणि स्पीकर. दिलीप, सुनील, रमेश आणि शोभा यांनी एकत्र सराव केला होता. लांबच्या मोहिमेत माणूस रुसला की आधी बोलणं सोडतो, मग खाणं-पिणं — म्हणून त्यांनी एक रीत पाडली. पाण्याचा पेला एकच. घोट घ्यायचा, ‘घेतलं’ म्हणायचं, पुढच्याला द्यायचा. शोभा शेवटची. चौघांपैकी एकाचा जरी आवाज आला नाही, तर बाहेरच्यानं दार उघडायचं. बाहेरचा म्हणजे मी.

त्या संध्याकाळी अध्यक्ष म्हणाले, “शोभाला बाहेर राहू दे. देणगीदार येणार, त्यात तो एक पेला... लोकांना चालायचं नाही.”

“ती बौद्ध आहे म्हणून ना?” मी म्हणालो. “ सरळ बोला की, सर.”

“भाषण नको. स्पीकर सांभाळतोस, की तोही दुसऱ्याला देऊ?”

शोभानं आपला कप विसळून पालथा घातला आणि सकाळच्या जीपनं सुरगाण्याला मामाकडे निघून गेली.

टाकी बंद झाली. पहिली फेरी. स्पीकरवर दिलीप, सुनील, रमेश — ‘घेतलं’, ‘घेतलं’, ‘घेतलं’. आणि मग, जरा थांबून, शोभाचा आवाज. ‘घेतलं.’

अध्यक्ष माझ्यावर खेकसले, “चाळे बंद कर.” आतून दिलीप विचारतोय, “अरे, शोभा आली काय तिकडे?” त्यांना वाटलं ती बाहेर आहे, आम्हाला वाटलं आवाज आतून आला. मी वायरी तपासल्या, माईक खोलून पाहिला. काही नाही. दर फेरीला चौथा आवाज येतच राहिला. मग आम्हाला त्याची सवय झाली... आज त्या सवयीचीच जास्त भीती वाटते.

तिसऱ्या दुपारी तिघांचे आवाज आले, जड, पेंगुळलेले. चौथा आला नाही.

“सुटलो,” अध्यक्ष म्हणाले. मी दाराकडे धावलो. ते मागून ओरडले, “अरे, आत तिघंच आहेत! तिघंही बोलले ना?”

मी दार उघडलं. पाइपातला पंखा बंद. शेजारच्या पत्रे कापायच्या मशीनच्या धडधडीत तो थांबल्याचं कोणालाच कळलं नव्हतं. तिघं पत्र्याला टेकून बसलेले, ओठ निळसर. बाहेर ओढल्यावर रमेशला बराच वेळ स्वतःचं नाव सांगता येईना.

नंतर शोभाला गाठलं. ती म्हणाली, “दादा, सवयच लागली होती. मामाकडेही पाणी प्यायले की ‘घेतलं’ म्हणायचे, मामी हसायची. त्या दुपारी मात्र घोट घशाखाली उतरेना. काही केल्या उतरेना.”

भूत म्हणावं, तर ती जिवंत आहे. दुसरं काय म्हणायचं, ते मला आजही कळलेलं नाही.

यंदा टाकी पुन्हा मांडणार आहेत. तेव्हाच्या चमूच्या पाटीवर नावं तीनच आहेत. तुम्ही मंडळाचे सभासद असाल, तर येत्या सभेत उभे राहा आणि विचारा, चौथं नाव कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.