नावनजवळचं बारसं आणि सरकारची तार

डब्लिनच्या विमानतळावर इतकं झकास नेट मिळालं, की तिथेच बसून साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. "बारसं मला असंच दिसायला हवं हं," तिने बजावलं. गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपत नाही. पहिलीवहिली नात तिने फोटोतच पाहिलेली.

बारसं माझ्या धाकट्या भावाच्या, समीरच्या मुलीचं. तो डब्लिनजवळच्या नावन गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर. घर मात्र गावाबाहेर कुरणांत, नवं कोरं. तिथे मोबाइलला रेंज मिळणं म्हणजे देवाची कृपा. "ताई, खेड्यांत फायबर टाकायची सरकारी योजना आहे. हा बघ खांब," तो म्हणाला. खांब फाटकासमोरच होता. तार त्यावरून दिमाखात पुढे गेली होती, आमच्याकडे ढुंकूनही न बघता.

बारशाला दोन दिवस होते. खिडकीत लटकून मी फोन लावला. योजनेवाले म्हणाले, तुमचं घर खाजगी कंपनीच्या हद्दीत. कंपनी म्हणाली, छे, तुम्ही सरकारी योजनेत. पुन्हा पहिल्यांना लावला, तर म्हणे नकाशावर घरच नाही!

"अहो, मी त्याच घरात उभी आहे!"

"ग्रँड (छान, छान)," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तपासणीसाठी नोंदवते."

तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याकडे निदान टेबलापुढे जाऊन भांडता तरी येतं!

शेवटी रस्त्यापलीकडच्या ब्रिजिटबाई धावून आल्या. त्यांच्याकडे तार पोचली होती. सोडा ब्रेड (यीस्टशिवायचा जाड पाव) आणि लोणी पुढे ठेवत त्यांनी पाळणा थेट आपल्या स्वयंपाकघरात मांडायला लावला. "मुलाला घरूनच काम करता यावं म्हणून किती वर्षं मागे लागले होते," त्या म्हणाल्या. "तार आली तोवर तो सिडनीला निघून गेला."

मी बाळाच्या कानात 'ईरा' म्हटलं. त्या वेळी आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हे बाईंना सांगून ठेवलं होतं. त्यांनी असा दणका हाणला, की मी पाळण्यावरच आदळणार होते. "अजून एक घाला!" स्क्रीनवरून आई ओरडली, आणि हसता हसता रडायला लागली.

साताऱ्याला परतून महिना झाला. समीरचा अर्ज तपासणीतच आहे. रानोमाळ तार ओढली, मान्य. पण त्या नकाशात एक घर घालायला यांना किती दिवस लागावेत? ब्रिजिटबाईंचा मुलगा थांबला नाही, ईरा तरी कशी थांबेल?

आई रोज विचारते, "रांगायला लागायच्या आत तरी जोडतील ना गं?"