सूरच्या दीपगृहापाशी परेश शेवट सांगायला लागला

"शुक्रवारी सगळे सूरला जातोय, तू पण ये," असा मानसीचा मेसेज आला. त्याखाली सहज टाकल्यासारखी अजून एक ओळ. "दादाचा मित्र परेश आहे. गाडी त्याचीच."

मी त्या दुसऱ्या ओळीवरच अडकलो. इकडे ओमानमध्ये, दुक्मला आमच्या साइटवर सुट्टी मागितली की फोरमन "इन्शाल्ला" म्हणतो, म्हणजे विसरा. या वेळी मी त्याच्या केबिनमधून हललोच नाही. शेवटी वैतागून तो "यल्ला ओंकार, जा" म्हणाला.

दुक्महून मस्कतची बस पकडणार असाल तर सहा-सात तास धरा आणि पाणी, खाणं सोबत ठेवा. वाटेत सपाट माळ, मध्येच रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखे उभे असलेले उंट आणि एखादा पेट्रोल पंप. तिथला करक, म्हणजे दाट दुधाचा कडक चहा मात्र सोडू नका. मी दोन प्यालो, तरी डोक्यात परेशच.

मानसी म्हणजे चिपळूणच्या कॉलेजातली माझी. "माझी" असं तेव्हा कधी म्हटलं नव्हतं, हाच सगळा घोळ. मी इंजिनीअरिंग अर्ध्यात सोडून इलेक्ट्रिशियन म्हणून इकडे आलो आणि बोलणं तुटलं. काही वर्षांनी ती मस्कतजवळ सीबला भावाकडे आली, दातांच्या दवाखान्यात कामाला लागली. एकदा तिने स्टेटसला एका चिनी सिरीयलचा फोटो ठेवला. मीही तीच बघत होतो. तेवढ्यावरून सुरू झालं पुन्हा.

सिरीयल अशी. शाळेतलं पहिलं प्रेम, मग ताटातूट. आता तो घड्याळं दुरुस्त करतो आणि ती डॉक्टर होऊन नेमकी त्याच गल्लीत दवाखाना थाटते. भागामागून भाग जातात, पण हा बाबा बोलत नाही. तिचं थांबलेलं घड्याळ दुरुस्त करून देतो आणि गप्प बसतो. आमचा नियम एकच: जेवण झालं की दोघांनी आपापल्या मोबाइलवर एकदम भाग लावायचा, रोज एकच. एकट्याने पुढचा बघणं म्हणजे व्यभिचार. आता शेवटचे थोडे भाग उरलेत.

गुरुवारी सीबच्या जुन्या बाजाराजवळ एका गाववाल्याच्या खोलीवर मुक्काम केला. बाजारात फिरायला जाल तर ओमानी हलवा आधी चाखा, मग घ्या. दुकानदार आग्रहाने चाखवतात. मी मानसीसाठी केशराचा डबा घेतला.

सकाळी परेशची गाडी आली. पांढरी, उंच, आत अत्तराचा वास. परेश पुण्याचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं इतकं नम्र की राग काढायला जागा नाही. पुढे तो आणि मानसीचा संदेशदादा, मधे वहिनी आणि मानसी, मागे मी आणि बर्फाची पेटी. सूरला जाणारा किनाऱ्याचा रस्ता सुंदर आहे म्हणतात. डावीकडे निळा समुद्र, उजवीकडे करपलेले डोंगर. मला मागच्या सीटवरून परेशचा आरसा दिसत होता, आणि त्या आरशात तो वारंवार मागे बघत होता.

वाटेत जमिनीत पडलेलं एक मोठं भोक आहे, तळाशी हिरवंगार पाणी. आत जायला पैसे लागत नाहीत, उतरायला पायऱ्या आहेत, पोहायचं असेल तर लवकर पोचा. आम्ही वर सावलीत चटई टाकली. वहिनीने मोठा डबा उघडला. कांदेपोहे. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी वेगळ्या.

सहलीला पोहे नेतात, त्यात काय, असं मी स्वतःला सांगत होतो. तेवढ्यात वहिनी हळूच म्हणाली, "मानसी, तू दे गं. आधी परेशना."

मानसीने बशी नेऊन दिली. दादाने परेशला घरी कोण कोण असतं ते विचारलं, जे त्याला आधीपासून माहीत असणार. परेशने मानसीला आवडीनिवडी विचारल्या. इकडे कोणाचं माजघर नाही, सगळेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये, म्हणून मुलगी बघणंही असं चटई टाकून होतं, आणि मी त्या कार्यक्रमाला बर्फाची पेटी सांभाळायला आलो होतो. मला बशी शेवटी आली. पोहे गार. मानसी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी बोलावलं म्हणून आलास ना? मग नुसता बसू नकोस."

सूरला शुक्रवारी दुपारी जाऊ नका. नमाजामुळे बहुतेक सगळं बंद. जिथे लाकडी जहाजं बांधतात त्या कारखान्याच्या फाटकालाही कुलूप होतं. मासे-भात खाऊन आम्ही पूल ओलांडून पलीकडच्या दीपगृहापाशी गेलो. वारा मस्त, खाली खाडीत जुनी जहाजं नांगरलेली. दादा-वहिनी मुद्दाम मागे रेंगाळले. परेश आणि मानसी पुढे, मी त्यांच्या बरोब्बर मागे. मला कोणी मागे राहायला सांगितलं नव्हतं.

परेश म्हणाला, तुम्हाला ती चिनी सिरीयल आवडते असं वहिनींकडून कळलं. बघायला वेळ नव्हता, पण काल नेटवर सगळी गोष्ट वाचून काढली. "शेवट छान आहे. शेवटी ती डॉक्टर..."

"थांब," मी म्हणालो. माझा हात त्याच्या खांद्यावर होता, कधी गेला कळलं नाही. "एक शब्द पुढे बोलायचा नाही. हा शेवट हिच्याबरोबर मी बघणार आहे. दुसरं कोणी नाही."

परेशला वाटलं मी सिरीयलबद्दल चिडलो, त्याने लगेच सॉरी म्हटलं. वहिनी मागून विचारत आली, कसला शेवट? दादा मात्र आधी माझ्याकडे, मग बहिणीकडे बघत राहिला. मानसी समुद्राकडे तोंड करून ओढणी सावरत होती, आणि ओढणी चांगली जागेवर होती.

"ऊन फार आहे, निघू या," दादा म्हणाला.

 सीबला उतरताना मी हलव्याचा डबा मानसीच्या हातात दिला, सगळ्यांसमोर. परेशनेही बघितला. बघू दे.

शनिवारी बसने दुक्मला परत आलो. बुटात सूरची वाळू, बाकी काय काय डोक्यात. दीपगृहावरून खाडी कशी दिसते विचाराल तर मला परेशचा शर्टच आठवतो. तुम्ही जा, शांतपणे बघा.

मेसमधून जेवून आलो तर मानसीचा मेसेज. "दादा विचारतोय, ओंकार कॉलेज पूर्ण करणार आहे का."

पहिल्यांदा डोकंच फिरलं. त्याला काय करायचंय, असं लिहिलंही. मग पुसलं. असे प्रश्न कधी आणि कोणाला विचारतात ते लक्षात आलं.

मी विचारलं, "परेशला काय विचारलं?"

"काही नाही. दादा नुसतं घरी सोडल्याबद्दल थँक्यू म्हणाला."

आमच्या घड्याळवाल्याने एवढ्या प्रश्नावर चार भाग काढले असते. मी लिहिलं, "करतो. बाहेरून परीक्षा देऊन का होईना, पण करतो." आणि लगेच खाली, "परेशचा नंबर ब्लॉक कर."

तिचं उत्तर आलं, "सांगते दादाला. लाव भाग."

दुसऱ्या ओळीबद्दल अजून काही बोललेली नाही.