पोरगं कुठं कुठं हिंडलं

इंदापूरच्या शाळेतून माझी बारामतीला बदली झाली ते साल पंचावन्न. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मुलींना इतिहास आणि इंग्रजी शिकवत होते. राहायला एका सराफी दुकानाच्या माडीवरची खोली मिळाली. दुकान होतं घरमालकीणबाईंचं. त्यांना मी काकू म्हणायची, त्या मला बाई म्हणायच्या. काकूंचे यजमान जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. पुढच्या गादीवर त्यांचे दीर बसत. काकू मागच्या खोलीत खिडकीपाशी पाटावर बसायच्या, समोर कसोटीचा दगड, काटा आणि पितळी कडीचं भिंग. मोड म्हणून कुणी जुनं चांदीचं नाणं आणलं की दीर ते न बोलता आत पाठवायचे.

काकूंना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. मुंबईहून त्यांच्या भावाचं पत्र आलं की ते मी वाचून दाखवायची. त्यांचं माहेर मुंबईचं, तिथंही सराफीच. वडिलांच्या दुकानात बंदरावरचे खलाशी आणि हजहून परतलेले लोक नाणी मोडायला यायचे, त्यामुळे परमुलखातली नाणी त्यांनी परकर-पोलक्याच्या वयात हाताळली होती.

एकदा आईनं मला दिलेला राणीच्या छापाचा रुपया मी त्यांना कौतुकानं दाखवला. त्यावर सन होता १८६२. मी म्हटलं, चौऱ्याण्णव वर्षांचा आहे. काकूंनी भिंग लावलं, रुपया कलता धरला आणि म्हणाल्या, "सन बासष्टचा आहे, पण रुपया बासष्टचा नाही. टांकसाळीनं पुढं कितीतरी वर्षं हाच सन ठेवला. पण आपल्याला कळावं म्हणून बारीक ठिपके टाकले. हे बघा." सनाच्या आसपास खरोखरच मोहरीएवढे ठिपके होते. मी इतिहासाची पदवी घेतली होती आणि तो रुपया लहानपणापासून माझ्याकडे होता. ठिपके मला कधी दिसले नव्हते.

त्या दिवसापासून शाळा सुटली की मी त्यांच्या खिडकीशी जाऊन बसू लागले. फारसी अक्षरांचे रुपये त्या चित्र ओळखावं तसे ओळखत. आकडे मात्र नीट वाचत. एक म्हणजे उभी काडी, पाच म्हणजे उलटा बदाम, आठ म्हणजे झोपडीचं छप्पर आणि तेच छप्पर उलटं केलं की सात. हिजरी सनाचा आपल्या सनाशी मेळ कसा घालायचा, हेही त्यांनीच मला समजावलं. मुसलमानी महिने चंद्राचे असतात आणि ते आपल्यासारखा अधिक मास धरत नाहीत, म्हणून त्यांची तेहतीस वर्षं म्हणजे आपली बत्तीस. मी कागदावर गुणाकार-भागाकार करायची. त्या बोटांच्या पेरांवर मोजून माझ्या आधी सांगायच्या. सत्तावन्न साली नवे पैसे आले आणि सगळा बाजार गोंधळला, तेव्हा आसपासच्या बायका त्यांच्याकडेच नाणी ओळखायला शिकल्या.

मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली. बाजाराचा दिवस होता. कळंबचे एक आबा वांगी आणि पेरू घेऊन बारामतीला आले होते. माल संपल्यावर ते दुकानात आले. साठीचे असतील. कमरेच्या पिशवीतून त्यांनी धडप्यात बांधलेलं पुडकं काढलं आणि दिरांनी त्यांना आत पाठवलं. मी तिथंच होते.

आबांचा एकुलता मुलगा गेल्या लढाईत फौजेत होता. चव्वेचाळीस साली सरकारी कागद आला, तलाठ्यानं तो वाचला, परमुलखात कामी आला म्हणून. पुढं काही महिन्यांनी त्याच्या सामानाची पेटी आली. तिच्यात ही नाणी होती. मुलाला लिहिता येत नव्हतं, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेली त्याची आठ-दहा पत्रं घरी आली होती, पण त्यांत जिथं जिथं गावाचं नाव होतं तिथं फौजेतल्याच कुणीतरी काळी शाई फासली होती. खुशाल आहे, काळजी नसावी, एवढंच वाचता येत होतं. गावातला एकजण म्हणायचा की तो बोटीतून उतरलाच नाही, समुद्रातच गेला. बारा वर्षं त्या घरात हेच चालू होतं.

इंदापूरच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं पुडक्यातलं मोठं चांदीचं नाणं पाहून सांगितलं होतं की हे पावणेदोनशे वर्षांचं आहे, एवढं मला द्या, बाकीचा कचरा टाकून द्या. आबांनी दिलं नव्हतं.

"मला इकायचं न्हाय," ते काकूंना म्हणाले. "पोरगं कुठं कुठं हिंडलं, तेवढं ह्याच्यावरनं कळत असंल तर सांगा."

काकूंनी काटा बाजूला सारला, पाटावर स्वच्छ पांढरं फडकं अंथरलं आणि पुडकं त्यावर उघडलं. चार नाणी होती, एक चौकोनी नोट होती आणि अंड्याच्या आकाराची एक हलकी चकती.

मोठं नाणं त्यांनी आधी उचललं. त्यावर भरल्या अंगाच्या एका राणीचा मुखवटा होता आणि सन १७८०. काकूंनी भिंग न लावता नुसतं कडेवरून बोट फिरवलं. कडेवर उठावाची अक्षरं होती. "हा बाईचा रियाल. आमच्या दुकानात पुष्कळ यायचे. राणी मेली त्या सालचा हा सन, आणि लोकांना तोच पसंत पडला म्हणून अजूनही तोच घालतात. त्यामुळं सनावरून ह्याचं वय कळत नाही." आबांनी विचारलं, मग हा चालतो कुठं? काकू म्हणाल्या, अरबस्तानात आणि हबसाणात. मी सांगितलं की लढाईच्या सुरुवातीला आपल्या पलटणी हबसाणच्या, म्हणजे इथिओपियाच्या, बाजूला इटलीच्या फौजेशी लढल्या होत्या. काकूंना आणखी एक गोष्ट आठवली. त्याच सुमारास हे रियाल मुंबईच्या टांकसाळीतही पाडले होते, असं त्यांचा भाऊ सांगायचा. हा त्यांतलाच आहे की नाही, हे मात्र मी सांगू शकत नाही, असंही त्या लगेच म्हणाल्या.

"म्हंजे मुंबैचाबी असंल," आबा म्हणाले आणि ते नाणं त्यांनी परत हातात घेतलं.

दुसऱ्या दोन नाण्यांवर गोंड्याच्या टोपीतला एक तरुण राजा होता. अक्षरं अरबी. मला त्यातलं ओ की ठो कळेना. ज्या बाईंना स्वतःच्या भावाचं पत्र वाचता येत नव्हतं, त्यांनी मात्र दोन्ही सन घडाघडा वाचले. एक, तीन, पाच, सात. आणि शेजारी एक, नऊ, तीन, आठ. पेरांवर मोजून त्यांनी दोन्ही सन एकाच वर्षाचे असल्याची खात्री करून घेतली. टोपीवाला राजा मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, हे त्यांना माहेरापासून ठाऊक होतं. म्हणजे अडतीस सालानंतर केव्हातरी मुलगा मिसर देशात होता, किंवा तिथून आलेल्या माणसाशी त्याचा व्यवहार झाला होता. काकू प्रत्येक वेळी ही पुस्ती जोडत. नाणी पायाशिवाय फिरतात, असं त्या आबांना म्हणाल्या.

चौथं नाणं चकचकीत आणि हलकं होतं, गरुडाच्या छापाचं. लोहचुंबक लावला तर चिकटलं. त्यावर रोमन लिपीत इटालिया असं नाव होतं, सन १९४० होता आणि शेजारी रोमन आकड्यांत अठरा. सन समजला, पण ते अठरा कशाचे हे मला सुचेना. काकूंनी विचारलं, "बादशाही रुपयांवरही दोन आकडे असतात. एक हिजरी, दुसरा बादशहा गादीवर बसल्यापासूनचं वर्ष. ह्यांच्याकडं चाळीसच्या अठरा वर्षं आधी कोण गादीवर बसलं होतं?"

मी मनात वजाबाकी केली. बावीस साल. इटलीच्या हुकूमशहानं सत्ता घेतली ते वर्ष. हे मी मुलींना वर्गात दरवर्षी शिकवत होते. माझ्या पुस्तकातला तो सन आणि काकूंच्या पाटावरचं ते नाणं यांची गाठ घालायला मात्र काकूच लागल्या.

नोट मी वाचली. ती इंग्रजीत होती, दोस्तांच्या फौजेनं इटलीत चालवण्यासाठी छापलेली, त्रेचाळीस सालची. काकूंनी विचारलं की ही दुसऱ्या मुलखात चालली असती का. मी म्हटलं, इटलीत चालवायची असंच तिच्यावर छापलं आहे. तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली आणि आबांकडे वळून सांगितलं की तुमचा मुलगा बोटीतून उतरला होता. तो इटलीपर्यंत पोचला होता आणि त्रेचाळीस साल त्यानं पाहिलं होतं.

नोटेच्या पाठीवर चार कोपऱ्यांत काही लिहिलेलं होतं. आबांनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला: बोलायची मोकळीक, धर्माची मोकळीक, ददात नसणं, भीती नसणं. आबांनी ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं.

राहिली ती चकती. त्यावर किरणांच्या प्रभावळीत उभी असलेली एक स्त्री होती, बारीक अक्षरं होती आणि सन १८३०. वर एक कडी होती. काकूंनी ती खिडकीच्या उजेडात पुष्कळ वेळ पाहिली. "हे नाणं नाही. ह्यावर किंमत नाही. सन कशाचा आहे ते मला कळत नाही." अक्षरांत मला फक्त मारिया हा शब्द लागला. काकूंनी पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल फिरवली, दोन्ही बाजूंचा ठसा घेतला आणि आबांना सांगितलं की ठसा मुंबईला भावाकडे पाठवते, त्याचं उत्तर आलं की निरोप देईन. ही चकती तोवर माझ्याकडे राहू द्या. आबांनी पैसे विचारले तर त्या म्हणाल्या, विकत घेतलं असतं तर व्यवहार झाला असता, नुसतं पाहायचे कसले पैसे.

उत्तर दोन आठवड्यांनी आलं. भावानं शेजारच्या एका ख्रिस्ती कुटुंबाला ठसा दाखवला होता. ते येशूच्या आईचं, मरियमचं पदक होतं. त्यांच्यात कुणी जोखमीच्या कामावर निघालं की घरातल्या बायका त्याच्या गळ्यात ते घालतात. सन एका जुन्या साक्षात्काराचा, पदकाच्या वयाशी त्याचा संबंध नाही. मी पत्र वाचत होते तेव्हा काकूंनी पदक पुन्हा भिंगाखाली घेतलं होतं. मला जवळ बोलावून त्यांनी दाखवलं. मागची बाजू गुळगुळीत झाली होती, पुढची बऱ्यापैकी शाबूत होती. "खिशात राहिलं असतं तर दोन्हीकडून झिजलं असतं. हे अंगाला घासलेलं आहे." कडीत खाकी सुताचा इंचभर तुकडा अडकलेला होता, त्याला गाठ होती.

हे गादीवर बसून सांगायचं नाही, असं त्या म्हणाल्या. रविवारी आम्ही दोघी एस.टी.नं कळंबला गेलो. कालव्याच्या कडेनं ऊस आणि पेरूच्या बागा होत्या. दुकानातला पाट सोडून काकू इतक्या लांब आलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होते.

आबांचं घर मळ्यात होतं. त्यांच्या कारभारणीनं आम्हाला घोंगडी अंथरून दिली आणि स्वतः उंबऱ्याशी बसल्या. काकूंनी सगळं क्रमानं सांगितलं. हबसाण, मिसर, इटली. गावं कळली नव्हती, म्हणून मी देशांची नावं कागदावर लिहून आणली होती, ती वाचून दाखवली. शेवटी काकूंनी पदक ठेवलं आणि ते काय आहे ते सांगितलं. हे त्याला कुणी दिलं की कुठं सापडलं, ते ह्यावरून कळत नाही, पण त्यानं ते बरेच दिवस गळ्यात घातलं होतं, एवढं नक्की, असं त्या म्हणाल्या.

मुलाच्या आईनं नाण्यांना हातही लावला नाही. त्यांनी पदक मागितलं. काकूंनी भिंग कसं धरायचं ते दाखवलं आणि आई उजेडाकडे तोंड करून त्या सुताकडे पाहत राहिल्या.

"ही आमची दाव्याची गाठ हाय," त्या म्हणाल्या. "दोन येढं द्यायचं आन् खालनं वडायचं. ह्यांनीच शिकिवली त्याला, वासरू बांधाया."

आबा उठून आले. त्यांनीही पाहिलं. मग कोपऱ्यातलं एक दावं आणून त्यांनी आमच्यासमोर गाठ मारून दाखवली. तीच होती. काकूंनी भिंग पुन्हा घेतलं, दावं आणि सूत शेजारी ठेवून पाहिलं. मग त्या कारभारणींना म्हणाल्या, "ताई, ही मला वाचता आली नव्हती."

त्या बाई बऱ्याच वेळानं रडल्या. रडून झाल्यावर त्यांनी विचारलं की तिथली माणसं कशी असतात, थंडी पडते का. मला पुस्तकातलं जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. डोंगर आहेत, बर्फ पडतं, द्राक्षं पिकतात, लोक शेती करतात. "मंग तितं कुनीतरी हुतं त्याला," त्या म्हणाल्या. काकूंनी ह्यावर हो की नाही काहीच म्हटलं नाही. त्यांनी फक्त त्या बाईंचा हात हातात घेतला. पदक आईनं नव्या काळ्या दोऱ्यात ओवलं, जुनं सूत मात्र कडीतून काढलं नाही.

परतीच्या गाडीत मी काकूंकडे पाहत होते. डॉक्टर, वकील, मोठे अध्यापक मी तोवर पाहिले होते. पण जे दिसलं तेवढंच बोलायचं आणि दिसलं नाही ते नाही म्हणायचं, ही शिस्त इतकी पक्की मी कुणात पाहिली नव्हती. बराच वेळ त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "बाई, मी काही जास्तीचं तर नाही ना बोलले?"

मी म्हटलं, नाही काकू, एक शब्दही नाही. तेव्हा त्यांनी पदर सारखा केला आणि बारामती येईपर्यंत डोळे मिटून घेतले.